पळसाच्या पानांचा माणूस

त्या गावात मी पाहिलेली पहिली अंत्ययात्रा पानांच्या माणसाची होती. पळसाच्या पानांचे देठ दर्भाने बांधून त्याचे हातपाय केले होते, डोक्याच्या जागी नारळ होता आणि वरून नवंकोरं पांढरं कापड. वजन असं काय असणार? एकट्याने काखोटीला मारून नेला असता. पण तिरडीला चौघे लागले आणि चौघेही जड ओझं उचलल्यासारखे पाय टाकत होते. वेशीजवळच्या विसाव्याला त्यांनी खरोखर खांदे बदलले. मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली.

मी नगर शहरातली. घरात दोन पिढ्यांची मास्तरकी. जे सिद्ध करता येत नाही ते नसतंच, असं वडील जेवताना सांगायचे आणि आम्ही भावंडं आमटीच्या भुरक्याबरोबर ते गिळायचो. एकाहत्तर साली कर्जत आणि मिरजगावच्या मधल्या एका गावात हायस्कूलवर मला इतिहास शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मी ही शिदोरी बांधूनच गेले. जिभेला धार होती, आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्रीही होती. त्या वयात बहुतेकांची असते.

राहायला खोली मिळाली ती ज्या घरात, त्याच घरातून ती तिरडी निघाली होती. घरमालकीण वयाने माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती, पण सगळं गाव मावशी म्हणायचं म्हणून मीही म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. नवरा बारा वर्षांपूर्वी बैलजोडी घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेला तो परतलाच नाही. बारा वर्षं ती कपाळभर कुंकू लावून एकटीने शेत करत राहिली. बारा वर्षं उलटली की माणूस गेला असं धरायचं, ही तिथली रीत. प्रेत नसलं तर पळसाच्या देठांचं करायचं आणि रीतसर अग्नी द्यायचा. तो तिच्या धाकट्या दिराने दिला. ओढ्यावरून मंडळी परत आली तेव्हा मावशीच्या बांगड्या फुटलेल्या होत्या आणि कपाळ पुसलेलं होतं. सकाळी सवाष्ण असलेली बाई दुपारी विधवा झाली होती, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त पानं जळली होती.

नवऱ्याचं नाव मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. 'ह्ये' किंवा 'मालक', बस. उखाण्यात घ्यावं लागलं असेल तेवढंच. त्याच्या नावात जो शब्द होता तो साध्या बोलण्यात आला तरी ती वळसा घालून दुसरं काहीतरी म्हणायची. मी तिला मुद्दाम त्या शब्दाशी आणून सोडायचे आणि ती हसत हसत निसटायची. अंत्यविधीच्या वेळीसुद्धा गुरुजींनी मृताचं नाव विचारलं तेव्हा ती गप्प राहिली आणि दिराने सांगितलं. नवऱ्याचं नाव घेतलं की बायकोपण जातं, असं तिथल्या बायका इतक्या सहज मानायच्या की त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

दहाव्याला मी ओढ्यावर गेले होते. पिंड ठेवला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे झाडावर होते, पण एकही खाली येईना. दिराने हात जोडून सांगितलं, "दादा, शेताची काळजी सोड. वैनीला आंतर देनार न्हाई." कावळे हलले नाहीत. चुलत्यांनी काही कबूल केलं, आणखी कुणी काही. ऊन चढत चाललं. शेवटी मावशी पुढे गेली. पिंडाजवळ वाकून ती काहीतरी पुटपुटली आणि ती सरळ उभी राहते न राहते तोच कावळा खाली उतरला. सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला. माणूस सुटला, खऱ्याखुऱ्या अर्थाने मेला, आता शंका नको. मी नंतर विचारलं, काय सांगितलंत? "काय न्हाई," ती म्हणाली, आणि अंगण झाडायला लागली.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नावालाच आला होता. विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरं गेली, आणि गावातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मावशीही जायची. संध्याकाळी तिच्या पापण्यांवर पांढरी धूळ असायची. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि शाळेत मुलांना मिळणारी सुकडी, यावर गाव चाललं होतं. दुपारी तर गावात आवाजच नसायचा. कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत.

तो आला तो अशाच एका दुपारी. कामाला त्या दिवशी सुट्टी होती. मी आणि मावशी ओसरीवर बसलो होतो. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे एक मोठा निंब. पाहता पाहता निंबाखाली एक माणूस बसलेला दिसला. तो चालत आलेला मला दिसला नाही. नव्हता, आणि मग होता. हाडकुळा, डोक्याला मळकट फडकं, दोन्ही हात गुडघ्यांवर. तो आमच्या दाराकडे बघत होता.

मावशी मिलो निवडत होती. तिचा हात थांबला. मी विचारलं, "कोण हो ते?"

"कोन न्हाई," ती म्हणाली.

मग ती उठली, आत गेली आणि पत्रावळीवर भाकरी, चटणी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. रस्ता ओलांडून तिने ते सगळं निंबापासून थोडं अलीकडे जमिनीवर ठेवलं, वळली आणि मागे न बघता परत आली. ते चालणं मी ओळखलं. पिंड ठेवून माणसं ओढ्यावरून अशीच परतली होती. असलं काही सुचल्याचा मला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. माणसं रस्त्याने जाताना निंबाकडे एकदा बघायची, नजर त्याच्या पायांवर टाकायची आणि पुढे जायची. दुसऱ्या दिवसापासून रोज कुठल्या ना कुठल्या घरातून त्याच्यासाठी पान यायला लागलं. दुष्काळात, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून. ठेवायचं, वळायचं, मागे बघायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही, कारण मेलेल्याशी बोललं की तो धरून बसतो. दीर रस्ता बदलून जाऊ लागला. मी त्याला अडवून म्हटलं, "अहो, भाऊ आहे तुमचा!" तो हात जोडून म्हणाला, "बाई, म्या माज्या हातानं अग्नी दिलाय. आता त्येला दादा म्हनलं तर म्या जाळलं कुनाला?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

मी त्याच्याशी बोलले. शाळा सुटल्यावर सरळ निंबाखाली जाऊन उभी राहिले. गाव दारादारांतून बघत होतं. मला वाटलं होतं, काहीतरी मोठी हकिगत निघेल. स्मृती गेली असेल, तुरुंगात असेल, कुणी डांबून ठेवलं असेल.

"घोडेगावात बैल इकलं," तो म्हणाला. आवाज खोल गेलेला, मधूनमधून खोकला. "घराकडं यायची गाडी सुटली. येक टरकवाला म्हनला, चल, नाशकाला माल उतरायचाय. गेल्तो."

"मग?"

"मग परत यायचं ऱ्हाऊन गेलं."

"तेरा वर्षं?"

त्याने मान हलवली. कारण म्हणून एवढंच होतं. एका गावाहून दुसऱ्या गावाला, या हॉटेलातून त्या खाणीवर, आणि परत यायचं राहून गेलं. आता अंगात काम राहिलं नव्हतं म्हणून घर आठवलं. मी ज्याची वकिली करायला निघाले होते त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं मला वाटलं. ते तसं मी बोलूनही दाखवलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. कुणीतरी आपल्यावर रागावलं याचं त्याला बरंच वाटलं असावं.

"हे लोक तुम्हाला वाढतात ते कसं वाढतात, कळतंय ना?"

"कळतंय की. आमच्या चुलत्याच्या टायमाला म्याबी असंच ठिवलं हुतं." मग म्हणाला, "येक इचारू बाई? उद्या दुपारच्याला जरा येऊन बगा. माजी सावली पडतीया का त्ये."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी गेले. तो माझ्यासाठी निंबाबाहेर उन्हात उभा राहिला होता. सूर्य डोक्यावर होता, सावली सगळ्यांचीच पायाखाली गेली होती, माझीसुद्धा. मी त्याला ते समजावलं, भूगोलाच्या तासाला समजावतात तसं. त्याने ऐकून घेतलं. "आसंल," तो म्हणाला. "पर बाई, घासाची चवबी लागत न्हाई आता. काल बसून आठवलं, त्या टरकात म्या चढलो का न्हाई, त्येच नक्की न्हाई येत ध्यानात. घोडेगावातच काई झालं आसंल तर?"

मी त्याला वेड्यासारखं बोलू नका म्हटलं आणि जवळजवळ पळतच शाळेत आले.

त्या दिवसांत मी नववीला जुन्या संस्कृती शिकवत होते. नाईलकाठचे लोक मेलेल्या माणसाबरोबर भाकरी आणि मद्य पुरत, कारण त्यांच्या लेखी तो जेवत होता. चीनमध्ये गेलेल्या आजोबा-पणजोबांपुढे ताट वाढल्याखेरीज जिवंतांना जेवता येत नसे. कुठे स्वप्नात दिसलं ते जागेपणी दिसल्याइतकंच खरं, कुठे पंचांनी शपथेवर सांगितलं ते खरं, आणि आपल्याकडे तर डोळ्यांना दिसतं ते सगळंच खोटं म्हणणारे होऊन गेले. पुस्तकात प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एकच वाक्य असायचं: अशी त्यांची समजूत होती. मी ते खणखणीत आवाजात वाचायचे. समजूत नेहमी त्यांची असायची. आमच्याकडे ज्ञान असायचं.

त्या दिवशी वाचता वाचता मी थांबले. वर्गाच्या खिडकीतून तो निंब दिसायचा. मी वर्गाला विचारलं, "त्या झाडाखाली कोण बसलंय?"

सगळ्या मुलांनी खिडकीबाहेर पाहिलं. नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून सगळी एका सुरात म्हणाली, "कोन न्हाई, बाई."

त्यात चेष्टा नव्हती, भीती नव्हती. पाढा म्हणावा तसं म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहिलं. निंब होता, खाली त्याची गर्द सावली होती, आणि सावलीत कोणी नव्हतं. मी डोळे मिटून पुन्हा उघडले. मग हळूहळू गुडघे दिसले, त्यांवरचे हात दिसले, फडकं दिसलं. तो जागचा हललेला नव्हता. एवढा वेळ तो तिथेच होता आणि माझ्या डोळ्यांनी त्याला गाळलं होतं. इतकी मी आयुष्यात पुन्हा कशाला घाबरले नाही. भूत दिसलं असतं तर परवडलं असतं. मला जिवंत माणूस दिसेनासा होत होता.

घरी आल्या आल्या मी मावशीवर ओरडले. "तो जिवंत आहे. मी बोललेय त्याच्याशी. खोकतो, विड्या मागतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला मारताय."

मावशीने हातातली खडीची पाटी खाली ठेवली. "मला ठावं न्हाई व्हय? पैल्या दिशीच वळीकलं म्या. बसायची ढब वळीकली."

"मग?"

"कावळा शिवला हुता, बाई."

मी कपाळाला हात लावला. तिने मला खाली बसवलं आणि ओढ्यावर काय पुटपुटली होती ते सांगितलं. दिराने शेताचं कबूल केलं तरी कावळा येईना, चुलत्यांनी कबूल केलं तरी येईना. तेव्हा ती म्हणाली होती, "म्या आता तुमची वाट बघनार न्हाई." आणि कावळा उतरला. "तेवढ्यासाटी आडलं हुतं त्येंचं. म्या सोडावं म्हून. बारा वर्सं रोज दिवेलागनीला त्या रस्त्याकडं बगितलं. त्या दिशी सोडलं. लई हलकं वाटलं, बाई. खोटं कशाला बोलू, रांडाव झाल्यावर पैल्यांदा पोटभर जेवले म्या. आन आता म्हनता ह्ये जित्ते हायेत. आसतील. पर म्या सोडलंय त्ये पुन्यांदा कसं धरू?"

मी कायद्याचं सांगितलं. कर्जतला मामलेदारकचेरीत जाऊ म्हटलं. तिने माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं पाहिलं.

तोडगा काढला तो गुरुजींनी. पौरोहित्य त्यांच्या घराण्यात कित्येक पिढ्यांचं. ते लेकीकडे गेले होते, ते परत आले आणि निंबाखालच्या माणसाबद्दल ऐकून अजिबात चकित झाले नाहीत. तपकिरीची चिमूट ओढून म्हणाले, "त्याचा दहावा मी केलाय, तेव्हा तो मेलेलाच आहे. त्यात बदल नाही. पण मेलेल्याने पुन्हा जन्माला येऊ नये असं कुठे लिहिलंय?"

ज्याचं क्रियाकर्म झालं तो परत आला तर त्याला नव्याने जन्म घ्यावा लागतो. मोठ्या भांड्यात तूप-पाणी घालून त्यात गर्भासारखं मुठी वळून बसायचं. बोलायचं नाही. मग बाहेर काढून बाळाला घालतात तशी आंघोळ, मग बारसं, कानात नाव. "आणि शेवटी," गुरुजी म्हणाले, "त्याच बायकोशी पुन्हा लग्न. ते झालं की झाला तो तुमच्यातला."

मी मनातल्या मनात खूप हसले. पुष्कळ वर्षांनी नगरच्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक चाळताना वाचलं, की जुन्या ग्रीक लोकांतही असंच होतं. परदेशी मेला असं समजून ज्याची उत्तरक्रिया उरकली, तो परत आला तर त्याला कोणी शिवत नसे. मग बायकांनी त्याला न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, अंगावर पाजायचं, तेव्हा तो जिवंत. रोममध्ये म्हणे अशा माणसाने दारातून न येता छपरावरून घरात उतरायचं. कुठले ग्रीक आणि कुठले आमचे गुरुजी. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या या माणसांना एकच गोष्ट कळली होती, की श्वास चालू असणं पुरेसं नसतं, इतरांनी हो म्हणावं लागतं.

गाव हो म्हणायला तयार झालं. दिराला तर रडूच आलं. दोर आता सगळा मावशीच्या हातात होता. ती लग्नाला उभी राहिली तरच विधी पुरा, नाहीतर निंबाखालचं पान चालू. दीर रोज दाराशी यायचा. "वैनी, तुमी व्हय म्हना. तुमच्या येका शब्दावर दादा जित्ता हुतोय." बायका पाण्याला जाता-येता सांगायच्या, कुंकू परत मिळतंय, कुनाला मिळतं असं? सगळ्यांना तिचं भलंच करायचं होतं.

"न्हाई म्हनलं तर म्या त्येंना मारलं," ती मला म्हणाली. "आन व्हय म्हनलं तर म्या मेले. पैल्या लग्नात मला इचारलं न्हवतं कुनी. आता इचारत्यात, तर आसं इचारत्यात."

त्या दिवसांत ती नीट जेवली नाही. ओसरीवर बसायची आणि निंबाकडे बघायची, आता उघडपणे. तो तिकडून बघायचा. मध्ये फक्त रस्ता होता. मला त्या दोघांच्या मध्ये येऊन दिवा लावायलाही भीती वाटायची.

शेवटी ती गुरुजींकडे गेली. मी बरोबर होते. तिने एकच प्रश्न विचारला, "बारशाला नाव कोन ठिवनार?"

"आत्या ठेवते."

"आत्या तर वारल्या."

"मग घरातली कोणीही बाई ठेवेल. त्याचं एवढं काही नाही."

"व्हय," ती म्हणाली. "मग करा."

गावात आनंद पसरला. मावशी तयार झाली. दिराने हिरवं लुगडं आणलं. मी तिच्यावर रुसले. मला वाटलं, हरली.

गुऱ्हाळाची काहील, उसाचा रस आटवायची मोठी कढई, आमच्या अंगणात आणून ठेवली. दोन वर्षांत तिच्यात रस पडला नव्हता, पण आतून अजून गुळाचा वास येत होता. पाणी कुठून आणायचं हा प्रश्न होता. सकाळपासून घराघरातून बाया तांब्या-तांब्याने पाणी घेऊन आल्या आणि मुकाट्याने काहिलीत ओतून गेल्या. ज्या पाण्यासाठी विहिरीवर झिंज्या ओढायच्या बाकी राहत, ते पाणी. शास्त्रात तूप भरपूर सांगितलं होतं, दुष्काळात ते पळीभर चालेल असं गुरुजींनी ठरवलं.

त्याला आदल्या दिवशी बजावलं होतं, बाहेर काढल्यावर रडायचं. जन्माला आलेलं मूल रडलं पाहिजे, नाहीतर लोकांच्या मनात राहतं. तो मला म्हणाला होता, "रडू न्हाई येत, बाई. लई दिस झालं, येतच न्हाई."

तो काहिलीत उतरला. गुडघे छातीशी, मुठी वळलेल्या, डोळे मिटलेले. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं. गुरुजींचे मंत्र सुरू झाले. अंगण माणसांनी भरलं होतं आणि कोणीही हलत नव्हतं. एक चाळिशी उलटलेला, दाढीचे खुंट पांढरे झालेला माणूस पाण्यात पोटातल्या बाळासारखा बसला होता. या वेळी मला हसू आलं नाही. पाण्यावर तुपाचे डोळे तरंगत होते, ते एकमेकांना चिकटत होते आणि सुटत होते. निंबावर कावळे येऊन बसले होते.

त्याला बाहेर काढला, पुसला, नव्या कापडात गुंडाळून घोंगडीवर निजवला. गावातली सुईण उशाशी बसली. सगळे वाट बघत राहिले. तो रडला नाही. डोळे उघडे होते, पण कुठेच बघत नव्हते. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो मला मेलेला वाटला. कुणीतरी कुजबुजलं. दिराचा चेहरा उतरला. गुरुजींनी खाकरून म्हटलं, "नाव घ्या. घरातली बाई कोण ते पुढे या."

ओसरीवर हिरवं लुगडं आणि त्यावर घडी घातलेला अंतरपाट ठेवला होता. मावशी त्याच्याशेजारी बसली होती, खडी फोडायला जाताना नेसायच्या रोजच्या लुगड्यात. ती उठली. दोन्ही ओलांडून खाली आली आणि घोंगडीपाशी बसून त्याच्या कानाशी वाकली. बारशाला नाव कानात सांगताना बाकीच्या बायका नाव ठेवणारीच्या पाठीत लाडाचे धपाटे घालतात. तशा दोघीतिघी सवयीने पुढे सरकल्या.

"कुर्र," मावशी म्हणाली. आणि मग तिने त्याचं नाव घेतलं.

कानात नाही, मोठ्याने. उखाणा नाही, अहो-जाहो नाही. नुसतं नाव, पुढे 'रं' लावून, पोराला हाक मारतात तसं. "ह्ये तुजं नाव. जित्ता ऱ्हा. सुकात ऱ्हा."

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या अंगणात ते एकदा मोठ्याने घेतलं गेलं, तेवढं पुरे आहे. पाठीत धपाटा घालायला उचललेला एकीचा हात मावशीच्या पाठीवर टेकला आणि तिथेच राहिला. बायकांना सगळ्यांना कळलं होतं. पुरुषांना जरा उशिराने कळलं. नाव ठेवल्याशिवाय तो जिवंत होत नव्हता, आणि जिने नाव घेतलं ती त्याची बायको राहिली नव्हती. दोन्ही त्यांच्याच रीतीत बसत होतं, आणि बायकोच उरली नाही म्हटल्यावर लग्नाची अटही उरली नव्हती. ओसरीवरचा अंतरपाट तसाच घडीत राहिला.

त्याचे डोळे हळूहळू तिच्याकडे वळले. इतक्या वर्षांच्या संसारात आणि इतक्या वर्षांच्या पाठ फिरवण्यात त्याने हे नाव तिच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं असावं. त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडू लागला. मोठ्याने, घसा फाटेपर्यंत, भर अंगणात.

गुरुजींनी डोळे मिटून हात जोडले. "रडलं," ते म्हणाले. "आता भीती नाही."

आणि दिराने आतून परात आणून गूळ वाटायला घेतला.